रुपयात आठ आणे

नागपूरच्या गांधीबागेतला ठोक कापडाचा व्यापार वरवर पाहणाऱ्याला ठाणांचा, गठ्ठ्यांचा आणि हातगाड्यांचा व्यापार वाटला, तरी वस्तुतः तो मुदतीचा व्यापार आहे. सुरतेहून, भिवंडीहून किंवा इचलकरंजीहून निघालेला माल दलालाच्या शब्दावर येथल्या गादीपाशी उतरतो, आणि येथून तो भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या बाजूंच्या किरकोळ दुकानदारांकडे पुन्हा शब्दावरच रवाना होतो. पैसा मात्र उलट दिशेने, दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी, लग्नसराई साधली तर पुरता आणि पावसाने दगा दिला तर तुटक-तुटक असा परत येतो. या साखळीतला प्रत्येक जण एकाच वेळी कोणाचा तरी धनको आणि कोणाचा तरी ऋणको असल्यामुळे, दूरच्या एखाद्या तालुक्याच्या गावी कोणी हात वर केले, तर ज्याने स्वतः काहीही गैर केलेले नाही असा गांधीबागेतला माणूस इकडे गाळात रुततो. आणि अशा माणसाचे पुढे काय व्हावे, या प्रश्नाचा विचार आपल्या समाजाने जितका टाळला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाचा टाळला असेल.

बाजाराला त्याच्यासाठी ठाऊक असलेले मार्ग थोडे आहेत. एक, रातोरात कुलूप लावून नाहीसे होणे. दुसरा, चार वजनदार माणसांना मध्ये घालून रुपयात चार आणे, सहा आणे असा तोडगा काढणे. यात ज्याचा आवाज मोठा त्याला सहा आणे आणि ज्याला आवाजच नाही त्याला काहीच नाही, असा न्याय बहुधा होतो. तिसऱ्या मार्गाविषयी बाजार हळू आवाजात बोलतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘आर्थिक विवंचनेतून’ एवढेच दोन शब्द छापून येतात. याखेरीज आणखी एक मार्ग आहे, तो सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयाकडे जातो, आणि तो शंभराहून अधिक वर्षे उघडा आहे. परंतु त्या वाटेने जाणाऱ्याला गांधीबाग पळून जाणाऱ्याहूनही कमी लेखते. पळालेला निदान चतुर तरी ठरतो, अर्ज करणारा मात्र निलाजरा ठरतो. हा निवाडा साफ उलटा आहे, असे माझे मत आहे, आणि ते मी केवळ करुणेच्या पायावर मांडू इच्छीत नाही. ते हिशेबाच्या पायावर मांडता येते.

प्रथम तो मार्ग काय आहे हे पाहू. मुंबईला १९०९ चा स्वतंत्र कायदा आहे. नागपूरसारख्या शहरांना लागू असलेला प्रांतिक नादारी अधिनियम १९२० चा. ज्याला आपली देणी भागवता येत नाहीत आणि ज्याची देणी पाचशे रुपयांची आहेत, असा कोणीही ऋणको या कायद्याखाली आपण होऊन न्यायालयाकडे अर्ज करू शकतो. पाचशेचा हा आकडा आज हास्यास्पद वाटेल, पण १९२० साली तो तसा नव्हता, आणि कायदेमंडळाने त्याला नंतर हात लावला नाही हा दोष कायद्याचा नसून आपल्या उपेक्षेचा आहे. अर्जात काय लिहायचे तेही कायद्याने ठरवून दिले आहे: प्रत्येक धनकोचे नाव, ठिकाण आणि येणे, आपली प्रत्येक मिळकत, तिची किंमत आणि ती कोठे आहे ते, आणि ही सारी मिळकत न्यायालयाच्या हवाली करण्यास आपण राजी आहोत असे स्पष्ट निवेदन. दिवाणी प्रक्रिया संहितेने जप्तीतून वगळलेल्या वस्तू, म्हणजे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, धर्माचारामुळे जे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, एवढ्या त्याला ठेवता येतात. हिशेबाच्या वह्या मात्र ठेवता येत नाहीत. त्या पहिल्यांदा हजर कराव्या लागतात, आणि एकदा दिलेला अर्ज न्यायालयाच्या परवानगीवाचून मागेही घेता येत नाही.

वाचकाने क्षणभर या यादीकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावे. गांधीबागेत वही ही वस्तू किती जपून ठेवलेली असते हे ज्याने पाहिले आहे, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहून उघडलेली ती लाल कापडाची वही गादीखालून निघते आणि तिऱ्हाईत आला की मिटते हे ज्याला माहीत आहे, त्यालाच समजेल की ती परक्या माणसापुढे पानोपानी उघडी करणे हे किती कठोर प्रायश्चित्त आहे. आज वही संगणकात गेली आणि मुनीमाच्या जागी एखादा बी.कॉम. झालेला मुलगा बसला, तरी संकोच तोच आहे. पळून जाणारा ती वही घेऊन पळतो. तोडगा काढणारा तिच्यातली सोयीची पाने दाखवतो. अर्ज करणारा ती सगळी न्यायालयात ठेवतो. तिघांत प्रामाणिक कोण, हे ठरवायला धर्मशास्त्राची गरज पडू नये.

जुन्या काळी बुडालेला सावकार आपल्या पेढीवर भरदिवसा दिवा लावून ठेवी आणि तो पाहून लोक काय ते समजत, अशी चाल होती म्हणतात. त्या चालीत लाज होती, पण लपवाछपवी नव्हती. मी संपलो, आता जे उरले आहे ते सर्वांनी मिळून पाहा, असे तो माणूस रस्त्यावरच्या प्रत्येकाला सांगत होता. नादारीचा अर्ज हे त्याच जाहीरनाम्याचे कायदेशीर रूप होय. कर्जबाजारीपणाचे तर आपल्या इतिहासाला वावडे असण्याचे काहीच कारण नाही. उत्तरेत मराठी राज्याचा दरारा बसविणाऱ्या पहिल्या बाजीरावाची ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रे कर्जाच्या काळजीने भरलेली आहेत, आणि ती वाचताना रणांगणावर कोणापुढे न वाकलेला हा पुरुष धनकोंपुढे किती दीन झाला होता हे पाहून मन थक्क होते. तुकोबांचे उदाहरण याहून बोलके आहे. कर्जखतांतला आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत बुडविला ही कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. परंतु त्याआधी दुष्काळात त्याच तुकोबांचे दुकान बसले, दिवाळे निघाले आणि गावात मान गेला, हा कथेचा पूर्वार्ध आपण भराभर सांगून टाकतो. देणे सोडून देणाऱ्या धनकोला आपण संत म्हणतो आणि देणे न फेडू शकणाऱ्या ऋणकोला नालायक; तो एकच माणूस होता हे लक्षातच घेत नाही.

आता वकिलाकडे वळतो, कारण या सबंध प्रकरणात सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याविषयी आहे. ‘त्याने वकील गाठला’ हे वाक्य बाजारात ‘त्याने लबाडी सुरू केली’ या अर्थाने उच्चारले जाते, आणि असे वकील नाहीतच असा दावा मी करणार नाही: घर बायकोच्या नावे करून टाका, दुकानातला माल मेव्हण्याच्या गोदामात हलवा आणि मग अर्ज देऊ, असा सल्ला देणारा कायदेपंडित कोणत्याही शहरात सापडतो. मात्र तो सल्ला मूर्खपणाचा असतो. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत प्रामाणिक मोबदल्यावाचून केलेले मिळकतीचे हस्तांतर रद्द करवून घेण्याचा अधिकार या कायद्याने रिसीव्हराला, म्हणजे मिळकत ताब्यात घेण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या माणसाला, दिलेला आहे. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत इतरांना डावलून एखाद्याच धनकोला झुकते माप देण्यासाठी केलेली फेडही टिकत नाही. आणि वह्या किंवा मिळकत लपवणे हा तुरुंगवासास पात्र असा गुन्हा आहे. म्हणून चांगल्या वकिलाचे काम नेमके उलटे असते. तो अशिलासमोर बसून विचारतो की सोने कोठे आहे, भिसीत किती भरले आहेत, भावाकडून तोंडी घेतलेले किती, गावच्या शेतात हिस्सा किती. आणि अशील एकेक गोष्ट आठवत नसल्याचे सोंग करीत असता, शेवटी मिळकतीची ती फर्द, म्हणजे यादी, पुरी होईपर्यंत त्याला उठू देत नाही. डॉक्टरापुढे उघडे होण्यास जो संकोच वाटतो त्याच्या दसपट संकोच या खोलीत वाटतो, आणि तो संपवणे हाच वकिलीचा खरा भाग आहे. बाकी अर्जाचा मसुदा कोणताही कनिष्ठ लिहील.

तरीही माणसे वकिलाकडे जातात ती फार उशिरा, बहुधा हुकूमनाम्याची बजावणी दारात आल्यावर. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५५ व्या कलमात एक विलक्षण तरतूद आहे, ती किती ऋणकोंच्या कानी पडते कोण जाणे: पैशाच्या हुकूमनाम्यापोटी ज्याला अटक करून न्यायालयापुढे आणले, त्याला तुम्ही नादार ठरवून घेण्यासाठी अर्ज करू शकता असे न्यायालयाने स्वतःहून सांगितले पाहिजे. म्हणजे ज्या वाटेला बाजार कलंक मानतो, ती वाट दाखवण्याचे कर्तव्य कायद्याने न्यायाधीशावर टाकले आहे. देणे फेडण्याची ऐपत नसणे हा गुन्हा नव्हे, आणि केवळ दारिद्र्यापायी कोणाला दिवाणी तुरुंगात डांबणे घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या लेखणीतून सांगितलेलेच आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तेथले वकील रस्त्याकडेच्या फलकांवर दिवाळखोरीच्या अर्जाची जाहिरात करताना दिसतात आणि ते पाहून त्यांना प्रथम धक्का बसतो. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला जाहिरात करण्यास बंदी आहे, आणि ती मला योग्यच वाटते, परंतु त्याची किंमत अशी की ज्याला ही वाट ठाऊक नाही त्याला ती सांगणारेही कोणी भेटत नाही.

आता मुख्य मुद्दा. नादारीच्या विरुद्ध बोलणारा माणूस बहुधा धनकोच्या बाजूने बोलत असल्याचा आव आणतो. पण कोणत्या धनकोच्या? गांधीबागेत एखादा डळमळला अशी कुजबुज सुरू झाली, की तिन्हीसांजेच्या आत त्याच्या दुकानाशी हातगाड्या लागतात. ज्याची माणसे दांडगी तो ठाणे उचलून नेतो, ज्याच्याजवळ सही केलेला कोरा धनादेश आहे तो तो वटवायला टाकतो आणि न वटल्यास धनादेशाच्या कायद्यातील १३८ कलमाखाली फौजदारी दाखल करतो, बँक आपल्या तारणावर आधीच हात ठेवून बसलेली असते. मागे उरतात ते कोण? पतीच्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम ‘घरचाच माणूस’ म्हणून दरमहाच्या व्याजावर ठेवलेली एखादी विधवा. मोमीनपुऱ्यातला किंवा गोळीबार चौकाकडचा एखादा विणकर, ज्याच्या लुगड्यांचे बिल वर्षभर थकले आहे. आणि दुकानातली पोरे, ज्यांचा तीन महिन्यांचा पगार बाकी आहे. यांना तगादा लावता येत नाही, म्हणून यांना काही मिळत नाही. न्यायालयाने नादार ठरवताच ही धावाधाव थांबते: मिळकत न्यायालयाच्या किंवा रिसीव्हराच्या हाती जाते, परवानगीवाचून कोणाही बिनतारणी धनकोला तिच्यावर झडप घालता येत नाही, आणि सरकारी देणी व मजुरी अग्रक्रमाने देऊन उरलेले सर्वांना प्रमाणशीर वाटले जाते. दांडग्याला जे मिळते तेच प्रमाण विधवेला मिळते. म्हणून नादारीचा कायदा हा ऋणकोवरच्या दयेचा कायदा आहे असे मानणे अर्धवट आहे. तो मुकाट बसणाऱ्या धनकोचा कैवारी आहे, आणि त्याला सर्वांत मोठा विरोध तगादा लावण्यात तरबेज असलेल्यांचा असतो यात नवल ते काय! (मजुरीच्या त्या अग्रक्रमाला १९२० च्या कायद्याने वीस रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे. वीस रुपयांत आज गांधीबागेत दोघांचा चहा होतो की नाही कोण जाणे.)

पण मग उधारीचा धाक काय राहिला, जो तो मजा करील आणि अर्ज ठोकील, असा आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. जो बाजार शब्दावर चालतो त्यात शब्द स्वस्त होणे ही खरीच आपत्ती आहे. पण नादार ठरणे वेगळे आणि देण्यांतून मुक्त होणे वेगळे, हे आक्षेपक विसरतो. मुक्ततेसाठी मुदतीत दुसरा अर्ज करावा लागतो, आणि त्या वेळी न्यायालय त्या माणसाचे सारे वर्तन तपासते. त्याची मिळकत बिनतारणी देण्यांच्या रुपयात आठ आण्यांइतकीही भरत नसेल, तर ही वेळ आपल्या दोषावाचून आली हे त्याने पटवून द्यावे लागते. गेल्या तीन वर्षांत धंद्याला साजेशा वह्या त्याने ठेवल्या नसतील, आपण बुडालो हे कळूनही उधार माल उचलत राहिला असेल, सट्टा, जुगार वा ऐषआराम यांत पैसा घालवला असेल, तर बिनशर्त मुक्तता मिळत नाही. सरकारचे देणे, कपटाने केलेले देणे आणि बायकोमुलांची पोटगी यांतून तर मुक्तता मिळाल्यावरही सुटका नाही, आणि धनादेशाची फौजदारी नादारीच्या अर्जाने विझत नाही. हा धाक पुरेसा नाही असे ज्यांना वाटते त्यांनी बाजारातल्या धाकाशी त्याची तुलना करावी. बाजाराचा धाक प्रामाणिक माणसाला मारतो आणि लबाडाला सुरत दाखवतो. कायद्याचा धाक निदान दोघांत भेद करू पाहतो.

सगळे देणे पुढे पै न पै फेडणाऱ्याचे उदाहरण अशा वेळी हटकून दिले जाते. मार्क ट्वेन याची प्रकाशनसंस्था १८९४ साली बुडाली, त्याने जगभर व्याख्याने दिली, त्याच दौऱ्यात १८९६ च्या आरंभी तो मुंबईस आला, आणि १८९८ पर्यंत त्याने सर्व धनकोंचे पैसे चुकते केले. गोष्ट थोर आहे. पण तिच्यातला क्रम लक्षात घ्यावा. आधी त्याने संस्थेची मिळकत धनकोंच्या हवाली करून श्वास घेण्यापुरती सवड मिळवली, मग तो कमवायला निघाला. दारात रोज बसणाऱ्या वसुलीदारांच्या गराड्यातून कोणी जगप्रवासाला निघत नाही, आणि गांधीबागेतल्या दुकानदाराजवळ तर ट्वेनची लेखणीही नाही.

राज्यसंस्थेचे वर्तन या बाबतीत समाजाहून फारसे उजवे नाही. मध्य प्रांत सरकारने १९३३ साली कर्ज तडजोडीचा कायदा केला, १९३४ साली सावकारांवर निर्बंध घातले, १९३९ साली कर्जनिवारणाचा कायदा आणला. दक्षिणेत सुप्याच्या दंग्यानंतर १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला आधीच संरक्षण दिले होते. हे सारे झाले ते मुख्यतः शेतकऱ्यासाठी, आणि तो त्यास पात्र होताच. मात्र शहरातला लहान दुकानदार, कारागीर, नोकरदार हा १९२० च्याच अंगरख्यात राहिला. पुढे २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली, आणि तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी सविस्तर व्यवस्था लिहिली गेली; वर्षाचे उत्पन्न साठ हजारांच्या आत, मिळकत वीस हजारांच्या आत, देणी पस्तीस हजारांच्या आत आणि स्वतःचे घर नाही, अशा अगदी गरिबाला नव्याने आरंभ करू देणारी तरतूदही तिच्यात आहे. परंतु तो भाग अमलात आणला गेला तो १ डिसेंबर २०१९ पासून आणि केवळ कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्यांपुरता. म्हणजे अब्जावधींचे देणे असलेल्या कंपनीला कायद्याने विसर्जनाची सुसज्ज सोय केली, तिच्या जामीनदार संचालकालाही केली, आणि स्वतःच्या नावाने दुकान चालविणारा गांधीबागेतला माणूस मात्र अजून पाचशे रुपयांच्या आणि आठ आण्यांच्या कायद्याकडे अर्ज करतो. कंपनीचे भागधारक आपापल्या भागांपुरते बुडतात, तो मात्र घरादारासकट बुडतो. कंपनी बुडाली तर बाजाराचे गणित चुकले म्हणतात, तो बुडाला तर त्याचे शील चुकले म्हणतात. या भेदाला नीतीचा आधार कोणता, हे कोणी तरी एकदा समजावून द्यावे.

शील घराण्याचे असते, या समजुतीत त्याचे मूळ आहे. बापाचे ऋण मुलाने फेडणे हे धर्मकर्तव्य, ही कल्पना आपल्या मनात इतकी खोल आहे की हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने केवळ त्या धर्मकर्तव्याच्या आधारावर मुलाविरुद्ध, नातवाविरुद्ध वसुली करण्याचा धनकोचा अधिकार नव्या देण्यांपुरता काढून घेतला, तरी बाजारात तो तसाच चालू आहे. मुलाने फेडायचे ठरवले तर त्याला कोणी अडवू नये, तो त्याच्या मोठेपणाचा भाग आहे. पण महाविद्यालयात शिकणाऱ्या पोराला गादीवर ओढून आणून त्याच्याकडून नव्या चिठ्ठ्यांवर सह्या घेण्याला परंपरा म्हणता येणार नाही, ती सरळसरळ जुलूमजबरदस्ती आहे, आणि कुटुंबाचा वकील वेळीच गाठलेला असेल तर तोच तिला पहिल्यांदा अटकाव करतो.

तेव्हा २०१६ च्या संहितेचा तिसरा भाग सर्व व्यक्तींना लागू करावा आणि तोपर्यंत निदान मजुरीची ती वीस रुपयांची मर्यादा आणि तिच्यासारखे इतर आकडे दुरुस्त करावेत, ही मागणी व्यापाऱ्यांच्या संघटनांनी केली पाहिजे, आणि ती त्यांनी धनको या नात्याने केली पाहिजे. ती मान्य होईपर्यंत गांधीबागेतल्या प्रत्येक गादीवाल्याला एक विनंती आहे. आपल्या कोण्या देणेकऱ्याने नादारीचा अर्ज दिल्याची नोटीस उद्या हाती आली, तर शिव्या देण्यापूर्वी आणि हातगाडी धाडण्यापूर्वी त्याची फर्द एकदा वाचावी, तिच्यात काही लपवले असेल तर ते न्यायालयाला सांगावे, आणि आपले येणे मुदतीत सिद्ध करावे. त्यासाठी न्यायालयात खेटे घालावे लागत नाहीत. येणे खरे असल्याचे शपथपत्र नोंदणीकृत टपालाने पाठवले तरी १९२० च्या त्याच कायद्याप्रमाणे ते पुरते.